आठ बाय सातचे स्वयंपाकघर

वाचकहो, आज औषधांविषयी लिहायचे नाही. घरातल्या एका खोलीविषयी लिहायचे आहे. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या बायकांची निम्मी दुखणी, म्हणजे खोकला, डोळ्यांची जळजळ, कंबरदुखी, भाजणे आणि पोटाचे विकार, या एका खोलीत जन्म घेतात असे मला कधी कधी वाटते. ती खोली म्हणजे आपले स्वयंपाकघर.

कोरपन्याजवळच्या एका गावची पन्नाशीची एक बाई माझ्याकडे तीन-चार वर्षांपासून येत होती. खोकला, दम आणि सकाळी चिकट बेडका. तिची थुंकी दोनदा तपासली, छातीचा फोटो काढला. क्षयरोग निघाला नाही. तिने आयुष्यात कधी बिडी ओढलेली नव्हती. तरीही तिच्या छातीचा आवाज वीस वर्षे बिडी ओढणाऱ्या माणसासारखा येत होता. श्वासनलिकांच्या या जुनाट विकाराला डॉक्टर लोक सीओपीडी म्हणतात. तोंडाने ओढायचे औषध तिला दिले होते. पण दर महिना-दोन महिन्यांनी ती पुन्हा हजर.

"डॉक्टरबाई, औषध तं चालूच हाये, पण खोकला काही पाठ सोडत नाही जी."

एक दिवस त्या बाजूला गेले होते म्हणून तिच्या घरी डोकावले, आणि उत्तर समोरच दिसले. कवेलूचे बुटके घर. मागच्या अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यात चूल, खिडकी नाही, भिंती डांबरासारख्या काळ्या. चुलीत पऱ्हाटी आणि तुऱ्हाट्या. सून भाकरी थापत होती आणि तिचे दीड वर्षाचे लेकरू मांडीला टेकून बसले होते. गॅसची शेगडी होती, पण ती फळीवर कापड झाकून ठेवलेली. पाहुणे आले की तेवढ्यापुरता चहा. मी कारण विचारले तेव्हा सून म्हणाली, "सिलिंडर पैशाचे येते मॅडम, पऱ्हाटी वावरातून फुकट येते."

यावर काय बोलणार? तिचे म्हणणे खोटे नव्हते.

धूर किती घातक?

धुराने डोळे चुरचुरतात एवढेच आपण धरून चालतो. पण जळाऊ लाकडाच्या धुरात विडीच्या धुरासारखेच अतिसूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड वायू असतो. अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मोजणीची यंत्रे लावून हा धूर मोजला. तेव्हा जगाचे लक्ष या प्रश्नाकडे वळू लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील बालके दोन लाखांहून अधिक होती. लहान मुलांचा न्यूमोनिया, बायकांचा दमा, मोतीबिंदू, हृदयविकार या सगळ्यांशी चुलीच्या धुराचा संबंध आहे.

सरकारी पातळीवर प्रयत्न झाले. १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ मध्ये तो बंद झाला. २०१६ साली उज्ज्वला योजना आली व गावोगावी गॅस पोहोचला. पण चूल घरातून गेली नाही. आपल्या भागात चूल आणि गॅस दोन्ही राहणार हे गृहीत धरूनच स्वयंपाकघराचा विचार करायला हवा.

घरकुलाचा पाया पडला होता

त्या बाईच्या घरामागे नवे घरकुल बांधले जात होते. पाया भरला होता. ग्रामीण आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट असते आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेली असते. तिच्या मुलाने स्वयंपाकाला आठ बाय सात फुटांची खोली सोडली होती. "खिडकी कुठे?" मी विचारले. तो म्हणाला, "खिडकी ठेवली तं मांजर येते, साप येते. अन् चौकटीचा खर्च वेगळा."

मिस्त्री दुसऱ्या दिवशी भिंत उचलणार होता. म्हणजे जे काही ठरवायचे ते त्याच दिवशी. एकदा भिंत उभी राहिली की पुढची चाळीस वर्षे सासू, सून आणि नातसून त्याच भिंतीत श्वास घेणार.

मला एक जुनी गोष्ट आठवली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी हजारो लहान घरे बांधली गेली. मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या तरुण महिला वास्तुशिल्पीने १९२६ साली त्यांच्यासाठी स्वयंपाकघर आखले. साधारण सव्वासहा फूट रुंद आणि सव्वाअकरा फूट लांब, म्हणजे सुमारे सत्तर चौरस फूट. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यातले चिंचोळे स्वयंपाकघर तिने नमुना म्हणून डोळ्यांसमोर ठेवले आणि घड्याळ लावून कामाला किती वेळ लागतो ते मोजले. बाईची एकही फेरी वाया जाऊ नये असा तिचा हिशेब होता. मात्र त्या खोलीत एकाच बाईला काम करता येई आणि लेकरांवर लक्ष ठेवणे कठीण होई, अशी तक्रारही पुढे झाली. आपल्याकडे सासू-सून मिळून काम करतात, भाकरी बसून थापतात, लेकरू पायांत घोटाळते. तेव्हा तिची मोजण्याची पद्धत घ्यावी, नकाशा मात्र आपला करावा.

आम्ही तसेच केले. सुनेने चुलीतली राख आणली. अंगणात राखेने आठ बाय सातचा चौकोन आखला. त्यात ओटा, चूल, पाण्याचा गुंड, दार सगळे राखेनेच काढले. मग तिला म्हटले, "आता वरण-भात आणि भाकरी करून दाखव." ती हसत हसत खोटा खोटा स्वयंपाक करू लागली आणि सासू पावले मोजू लागली. पाण्याचा गुंड दाराजवळ आणि कापायची जागा दुसऱ्या टोकाला असल्याने ती सारखी ये-जा करत होती. राख पुसली, पुन्हा आखले. तिसऱ्या वेळी जमले. ज्यांना घर बांधायचे आहे त्यांनी हा बिनखर्चाचा प्रयोग जरूर करावा.

काय कुठे असावे?

ओटा : आठ फुटांच्या बाहेरच्या भिंतीला दोन फूट रुंदीचा ओटा. त्यावर क्रमाने पाणी, धुण्याची जागा, चिरण्याची जागा आणि शेगडी. काम ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने वस्तू असाव्यात.

उंची : मिस्त्रीच्या मापाने ओटा बांधू नका. स्वयंपाक करणारीने सरळ उभे राहून हात कोपरात वाकवावा, जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्यावे आणि त्यातून चार इंच वजा करावेत. ही चिरण्याच्या ओट्याची उंची. शेगडी व भांडे यांची उंची वाढते म्हणून शेगडीखालचा भाग आणखी चार-पाच इंच खाली घ्यावा. ओटा बुटका झाला तर कंबर धरते, उंच झाला तर खांदे.

चूल : ओट्यासमोरच्या कोपऱ्यात, बाहेरच्या भिंतीला लागून. तिच्यावर धुराडे काढावे आणि ते छपराच्या वर दोन-तीन फूट न्यावे. महिन्यातून एकदा काजळी झाडावी, नाहीतर धूर पुन्हा खोलीतच फिरतो. सरपण कोरडे असावे. पऱ्हाटीचा ढीग चुलीजवळ रचू नये. आगीची भीती असते आणि विंचू-सापालाही आसरा मिळतो.

खिडकी व झरोके : अडीच फुटांची एक खिडकी चिरण्याच्या जागेवर. शेगडीच्या अगदी समोर नको, वाऱ्याने ज्योत विझते. गरम धूर वर चढतो, म्हणून चुलीच्या बाजूच्या भिंतीत छपराखाली एक झरोका. सगळ्यांना बारीक तारेची जाळी बसवली की मांजर आणि साप यांचा प्रश्न मिटतो.

गॅस : सिलिंडर नेहमी उभा आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरजवळ जमिनीलगत एक जाळीचे भोक ठेवावे आणि तो बंद कपाटात कोंडू नये. पेटत्या चुलीपासून तो जमेल तितका लांब, ओट्याच्या दुसऱ्या टोकाखाली असावा. वास आला तर चूल विझवा, दार-खिडकी उघडा, दिव्याचे बटण दाबू नका आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा.

पाणी : पिण्याचा माठ दोन फूट उंच कट्ट्यावर, झाकलेला. पाणी दांड्याच्या भांड्यानेच काढावे. हात बुडवला की जुलाबाला आमंत्रण.

धान्य आणि औषध : डबे भिंतीपासून चार बोटे दूर, लाकडी पाटावर. आणि कळकळीची एक विनंती. कपाशीवर फवारायचे औषध स्वयंपाकघराच्या फळीवर कधीही ठेवू नका, त्याच्या रिकाम्या डब्यात मीठ-तेल भरू नका. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले ते आपण विसरलो नाही. हे विष घराबाहेर, कुलपात असावे.

आपला उन्हाळा

चंद्रपूरचा मे महिना कोणाला सांगायला नको. पारा ४६-४७ अंशांवर जातो. टिनाच्या छपराखाली चूल पेटली की बाईचे हाल विचारू नका. छपराला बाहेरून चुना मारावा, जमेल तेवढा स्वयंपाक सकाळी आठ-नऊच्या आत उरकावा. अशा उष्म्यात शिजवलेले अन्न बाहेर तासाभरापेक्षा जास्त राहिले तर ते सुरक्षित नसते. थोडे शिजवावे आणि ताजे खावे.

भाजण्याच्या घटनांबद्दलही दोन शब्द. भांड्यांचे दांडे आतल्या बाजूला वळवून ठेवावेत. चूल पेटलेली असताना लेकराला दाराशी आडवी फळी लावून बाहेर ठेवावे, म्हणजे ते दिसतेही आणि धुराआगीपासून दूरही राहते. भाजलेच तर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये आणि लगेच दवाखाना गाठावा.

पुढे काय झाले?

मुलाने शेवटी खिडकी ठेवली. चौकट नवी घ्यावी लागली नाही, जुन्या घराच्या पडवीतली निघाली. जाळीला थोडेफार पैसे गेले. गॅस आता सकाळच्या घाईत आणि पावसाळ्यात, सरपण ओले असते तेव्हा वापरतात. बाकी चूल आहेच.

वाचकहो, त्या बाईचा खोकला पूर्ण गेला असे मी लिहिणार नाही. एकदा झिजलेली फुप्फुसे पूर्ववत होत नाहीत. औषध तिला घ्यावेच लागते. पण दर महिन्याला येणारी बाई गेल्या हिवाळ्यात एकदाच आली. तीही स्वतःसाठी नव्हे, नातवाला लस द्यायची तारीख विचारायला. जाताना म्हणाली, "भिंत अजून पांढरीच हाये, डॉक्टरबाई."

तुमच्या घरातही आज एकदा स्वयंपाकघराच्या भिंतीवरून बोट फिरवून पाहा. बोटाला जे काळे लागेल ते रोज कोणाच्या तरी छातीत जाते आहे. भिंत फोडणे जमत नसेल तर निदान दोन कवेलू सरकवा आणि छपराखाली एक झरोका पाडा. सुरुवात तेवढ्यानेही होते.