रुग्णाची जीवनकथा आणि शुश्रूषा : एक भाषाशास्त्रीय विचार

रुग्णाविषयीची माहिती रुग्णालयात दोन रूपांनी आढळते : एक, वैद्याने लिहिलेला रुग्णवृत्तान्त, दुसरे, रुग्णाने स्वतः सांगितलेली हकीकत. या दोहोंत केवळ तपशिलाचे अंतर आहे, असा सामान्य समज असतो. वस्तुतः ते अंतर प्रयोजनाचे आहे.

विल्यम लबॉव्ह व जोशुआ वॉलेट्स्की यांनी १९६७ साली स्वानुभवकथनाची चिकित्सा करताना कथनाची दोन कार्ये वेगळी केली : घटनांचा क्रम सांगणे आणि त्या घटनांचे आपल्या लेखी असलेले मोल सूचित करणे. रुग्णवृत्तान्त पहिले कार्य राखतो; दुसरे गाळतो. इलियट मिशलर यांनी १९८४ मध्ये वैद्य व रुग्ण यांची संभाषणे तपासली, तेव्हा वैद्यकाचा स्वर जीवनव्यवहाराच्या स्वराला मध्येच तोडतो, असे त्यांस आढळले. त्याच वर्षी बेकमन व फ्रँकेल यांनी प्रसिद्ध केलेल्या ७४ भेटींच्या पाहणीत अवघ्या २३ टक्के भेटींत रुग्णाचे प्रारंभिक निवेदन पूर्ण होऊ शकले होते.

गाळलेल्या अंशाचे महत्त्व स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत विशेष जाणवते. एखादा वृद्ध रोज पहाटे चारला उठून दाराशी उभा राहतो, अशी कल्पना करावी. नोंद होते : ‘भटकतो, अस्वस्थ.’ परंतु तो तीस वर्षे मुंबईच्या गिरणीत पहिल्या पाळीला जात होता, हे कळताच त्याच वर्तनाला अर्थ येतो. मग परिचारिका त्याला बळेच निजविण्याऐवजी, ‘बाबा, तुमचं खातं कोणतं होतं?’ असे विचारू शकते. व्यक्तित्व स्मरणशक्तीवर अवलंबून नसून इतरांनी नात्यातून दिलेल्या मान्यतेवर उभे असते, हा टॉम किटवुड यांचा १९९७ मधील सिद्धान्त येथे प्रत्ययास येतो.

तथापि एक सावधगिरी अवश्य आहे. रुग्णाची वाणी क्षीण झाली की त्याची कथा आप्त सांगू लागतात. आणि वक्ता पालटला की मोलही पालटते. मुलगा ज्याला ‘बाबांचे कष्ट’ म्हणतो, तेच बापाच्या लेखी कसब असू शकेल. काही गोष्टी त्याने आयुष्यभर मुद्दाम अबोल ठेवलेल्या असतील, तर त्या मौनालाही मान द्यावयास हवा. म्हणून जीवनकथा शक्य तितक्या लवकर, रुग्णाच्या संमतीने व त्याच्याच शब्दांत टिपावी. आणि प्रत्येक विधानापुढे ते कोणाचे, हे नमूद करावे. एरवी रुग्णाची म्हणून जपलेली कथा प्रत्यक्षात दुसऱ्याचीच ठरेल.