सुया, लोकर आणि हिवाळ्यातले बाळ

विणत बसलेल्या बाईला काही विचारले तर लवकर उत्तर येत नाही. ओठ हलत असतात, पण ती तुमच्याशी बोलत नसते. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट... तेवढ्यात कुणी ‘भाकरी झाली का वं?’ म्हटले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ‘एवढी ओळ झाली की उठते’ हे वाक्य जळगाव-धुळ्याच्या वस्तीत आम्ही किती वेळा ऐकले असेल! ओळ संपते, बाई उठत नाही.

अशा बाया आपल्या प्रत्येक वस्तीत दोन-चार तरी आहेत. एसटीत बसल्या की पिशवीतून सुया निघतात आणि शेजारचा प्रवासी थोडा सरकून बसतो. दुकानदार ‘हाच रंग’ म्हणून दुसराच रंग देतो आणि स्वेटरची एक बाही फिकी निघते. नातवाचे स्वेटर पूर्ण होईपर्यंत नातू वाढतो, मग ते धाकट्याला. थोरल्याचे जुने स्वेटर उसवून, लोकर धुऊन, वाळवून त्यातून तिसऱ्याचे टोपडे होते. आणि पांढरी लोकर हातात दिसली की सगळी गल्ली विचारते, ‘कोणाकडे आहे वं?’ आशाताईच्या वहीत नाव चढण्याआधी बातमी फुटलेली असते.

हसण्यावारी नेऊ नका. आम्ही आरोग्याच्या कामासाठी नव्या वस्तीत गेलो की या बायांची चौकशी आधी करतो. खान्देशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, म्हणून आपण उन्हाला भितो. पण डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा एक आकडी होतो. पत्र्याच्या खोलीत पहाटेची ती थंडी नुकत्या जन्मलेल्या बाळाला झेपत नाही.

मोठ्या माणसाला थंडी वाजली की अंग थरथरते आणि त्यातून ऊब तयार होते. नवजात बाळाला तसे थरथरता येत नाही. त्याच्या मानेजवळ आणि पाठीत एक खास चरबी असते, ती जाळून ते ऊब मिळवते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा दिवस पुरे न झालेल्या बाळाकडे ही चरबी फार थोडी असते. त्यातच बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे, कातडीचा जवळजवळ पाचवा हिस्सा डोक्यावरच. ते उघडे आणि ओले राहिले की ऊब झपाट्याने जाते. बाळ गार पडले की दूध ओढत नाही, दूध नाही म्हणून आणखी गार पडते.

एका ताईंचे पहिले बाळ असेच पौषात गेले. पावणेदोन किलोचे होते. त्या आता साठीच्या पुढे आहेत. दर दिवाळीनंतर टोपडी विणतात आणि वस्तीत ज्या घरी बाळ येईल तिथे नेऊन देतात. घर कोणाचे, जात कोणती, हे विचारत नाहीत. ‘डोकं झाका माय’ एवढेच बोलतात. आम्ही तक्ते दाखवून तासभर सांगतो, त्यापेक्षा त्यांचे ते दोन शब्द लोक जास्त ऐकतात.

वस्तीतल्या बाईच्या हातून बाळे वाचतात, हे आपल्या महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. घरी जाऊन बाळाचे वजन करणे, ताप मोजणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, ही कामे त्या करू लागल्या. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २०११ पासून देशभर आशाताई घरी येतात त्या याच वाटेने. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. त्या दिवशी दार उघडे ठेवा.

आता विणण्याचे. बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अॅक्रिलिक असते. ती स्वस्त आणि धुवायला सोपी, पण विस्तवाजवळ वितळून कातडीला चिकटते. आपल्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवण्याची, धुरी देण्याची पद्धत आहे. ती बंद करा. धुराने बाळाची छाती भरते आणि ठिणगी उडाली तर अंगावरचे टोपडेच भाजते.

पूर्ण दिवसांच्या बाळाचे डोके साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असते. टोपड्याचा घेर थोडा कमी, ३२ धरा. काठ एक उलट एक सुलट घ्या, तो ताणतो. आधी छोटा तुकडा विणून १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. २५ बसले तर ३२ सेंटिमीटरला ८० टाके. गोंडा, मणी, बटण काही नको. गळ्याशी बांधायची नाडी तर अजिबात नको. जाळीची नक्षी दिसायला छान, पण त्यातून वारा जातो. ती हौस रुमालावर भागवा.

मोज्यांची आम्हाला जास्त काळजी वाटते. आतून सुटलेला एखादा धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, आवळतो आणि रक्त थांबते. बाळ रडत राहते, घरचे पोटदुखी समजून घुटी देतात. असे काळेनिळे झालेले बोट आम्ही वॉर्डात पाहिले आहे. म्हणून मोजे उलटे करून प्रत्येक टोक आत गुंतवा, आणि बाळ रडले की मोजे काढून दहाही बोटे बघा.

टोपडे घातले म्हणजे काम झाले असेही नाही. बाळाची खरी ऊब आईच्या छातीशी. लंगोट, टोपडे, मोजे एवढ्यावर बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवायचे आणि वरून दोघांना पांघरायचे. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७८ साली काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या तेव्हा डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली. कमी वजनाच्या बाळाला रोज ८ ते २४ तास असे ठेवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आई थकली तर बाप, आजी, मावशी, कोणीही छातीशी घ्यावे. बापांनी लाजू नये. पहिले २४ तास आंघोळ नको.

बाळाचे पोट आणि तळपाय हाताच्या मागच्या बाजूने तपासा. पोट गरम, पाय गार, तर लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार, बाळ सुस्त, दूध ओढत नाही, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत छातीवरून उतरवू नका. उन्हाळ्यात मात्र लोकर पेटीतच राहू द्या. घाम आलेल्या बाळाला टोपडे घालणे म्हणजे त्याला ताप देणे. झोपलेल्या बाळाचे टोपडे नाकातोंडावर सरकू देऊ नका.

विणणारीबद्दलही बोलायला हवे, तिची काळजी सहसा कोणी करत नाही. दिवसभर डाळ मिलमध्ये किंवा दुसऱ्याच्या घरी राबून आलेली बाई रात्री सुया का हातात घेते? घासलेली भांडी पुन्हा खरकटी होतात, विणलेली ओळ तशीच राहते. २०१३ मध्ये साडेतीन हजारांवर विणणाऱ्यांची पाहणी छापून आली. जे वारंवार विणत होते त्यांनी मन शांत आणि आनंदी राहते असे जास्त प्रमाणात सांगितले. तिच्या हातातून सुया काढून ‘उद्योग नाही का’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावे.

पण रात्री अंगठा, तर्जनी, मधले बोट बधिर होत असेल तर मनगटाची नस दाबली जात आहे. मधुमेहही तपासून घ्या. अर्ध्या तासाने सुया खाली ठेवा, मुठी उघडझाप करा, मान वळवा. चाळिशीनंतर टाके अंधुक दिसू लागले तर डोळे तपासून चष्मा घ्या. काळी लोकर दिवसा विणा.

दिवाळी झाली की आशाताईंकडून पौष-माघात बाळंत होणाऱ्यांची संख्या विचारा, नावे नकोत. जेवढ्या बाया तेवढी टोपडी, आणि दोन जास्तीची लहान मापाची. त्यांचा घेर २८ सेंटिमीटर ठेवा.