सोडियम उतरलंय आणि डॉक्टर म्हणतात, युरिया प्या!

‘आजीचं सोडियम कमी झालंय’ हे वाक्य आता आपल्या वस्तीत बीपी-शुगरइतकंच कानावर पडतं. म्हातारं माणूस दोन दिवस जेवत नाही, मळमळतंय म्हणतं, चालताना झोक जातो, मग घरच्यांनाच ओळखेनासं होतं. कुणी म्हणतं वय झालं, कुणी म्हणतं बाहेरचं आहे. भगत राहू द्या, आधी रक्त तपासा. सोडियम 135 ते 145 असावं लागतं. 125 च्या खाली गेलं की प्रकरण गंभीर. झटके आले किंवा शुद्ध हरपली तर घरी काहीही पाजत बसू नका, 108 ला फोन करा.

घरातला पहिला उपाय ठरलेला, मीठ चाटवा. पण सोडियम कमी म्हणजे अंगातलं मीठच कमी, असं दर वेळी नसतं. आमटीत मीठ बरोबर पडलं, पण पाणी जास्त झालं तरी ती अळणी लागते ना? तसंच हे. मेंदूतून सुटणारं एक हार्मोन किडनीला पाणी धरून ठेवायला सांगतं. टीबी, न्यूमोनिया, कॅन्सर, डोक्याला मार, फिटच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्या, यांमुळे ते नको तेव्हाही सुटत राहतं. बीपीसाठी दिलेल्या लघवीच्या गोळ्यांनीही, म्हणजे क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइडनेही, सोडियम उतरतं. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवा. मनाने मात्र एकही बंद करू नका.

पाणी साठलेलं असेल तर डॉक्टर आधी ते मोजून प्यायला सांगतात, दिवसाला साधारण लिटरभर. सांगणं सोपं आहे. मे महिन्यात पत्र्याच्या घरात राहून पाळून दाखवा! त्यानेही भागलं नाही की काही डॉक्टर युरियाची पावडर लिहून देतात, आणि घरचे हबकतात. युरिया म्हणजे खत! गाय-बैल मरतात तो!

घाबरू नका. युरिया आपल्या अंगात आत्ताही आहे. डाळ, अंडी, मासळी पचली की यकृत तो तयार करतं, रोज साधारण 20 ते 30 ग्रॅम, आणि किडनी तो लघवीवाटे टाकते. बाहेर पडताना तो पाण्यालाही ओढून नेतो. औषध म्हणून त्याचा एवढाच उपयोग. जनावराच्या पोटातले जंतू युरियाचा झपाट्याने अमोनिया करतात, तो त्याला मारतो. आपलं पोट तसं नाही.

बेल्जियममधल्या डॉक्टरांनी 1980 सालीच या उपचाराबद्दल लिहिलं होतं. 2014 मध्ये युरोपातल्या डॉक्टर-संघटनांनी पाणी कमी करूनही फरक न पडणाऱ्या रुग्णांसाठी तो पर्याय म्हणून सुचवला. मूळ पदार्थ स्वस्त. अडचण चवीची, जहर कडू लागतो. सरबतात किंवा फळाच्या रसात घोळून, जेवणानंतर द्यावा. बहुधा दिवसाला 15 ते 30 ग्रॅम लागतो, पण माप डॉक्टरच ठरवणार.

आता नीट ऐका. गोणीतला युरिया हे औषध नाही. त्याला निंबोळी तेलाचा थर असतो, शिवाय खताच्या कारखान्यातली इतर रसायनं असतात. औषधी युरिया प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, म्हणून कुणी कृषी केंद्राकडे धावेल याचीच मला भीती वाटते.

जुलाब-उलट्यांनी अंग सुकलेलं असेल तर युरिया चालत नाही, तिथे ओआरएस किंवा सलाईन लागतं. लिव्हर खराब असेल, किडनी खूप अधू असेल तरी नाही. सोडियम वाढवायचं तेही हळूहळू. एका दिवसात 10 पेक्षा जास्त चढलं तर मेंदूतल्या नसांना कायमची इजा होऊ शकते, म्हणून वारंवार रक्त काढतात. ‘किती सुया टोचता’ म्हणून भांडू नका.

हा उपचार चालू असताना रिपोर्टात ‘ब्लड युरिया’ वाढलेला दिसेल. तो आपणच पाजतोय. किडनीचा अंदाज क्रिएटिनिनवरून घेतात. दुसऱ्या दवाखान्यात गेलात तर युरिया चालू आहे हे आधी सांगा, नाहीतर तिथे किडनी बिघडली असं समजून वेगळेच उपचार सुरू होतील.