शेवाळाची चुगली

बॉटनीच्या प्रॅक्टिकलला फ्युनेरियाची स्लाइड बघताना ‘याचा पुढे उपयोग काय?’ असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. त्याचं एक भारी उत्तर अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात मिळतं. तिथे झाडांच्या खोडांवर वाढणाऱ्या मॉसने, म्हणजे शेवाळाने, अख्ख्या शहराला खडबडून जागं केलं.

हवेतले धातू मोजणारी यंत्रं महाग असतात. त्यामुळे मोठ्या शहरातही ती मोजक्याच ठिकाणी असतात. प्रदूषण मात्र एखाद्या गल्लीपुरतंही असू शकतं. मग यंत्र लावायचं कुठे? अमेरिकी वन खात्यातले संशोधक सारा जोव्हान आणि जेफ्री डोनोव्हन यांनी हे शोधायचं काम शेवाळावर सोपवलं. मॉसला खरी मुळं नसतात. पाणी आणि क्षार ते थेट पावसातून आणि हवेतून घेतं. सोबत आलेले धातू त्याच्यात साठत जातात. थोडक्यात, विजेशिवाय चालणारा फुकटचा फिल्टरच!

डिसेंबर २०१३ मध्ये शहरातल्या ३४६ झाडांवरून शेवाळ गोळा केलं गेलं. प्रयोगशाळेतून आलेले आकडे नकाशावर मांडले, तेव्हा कॅडमियमचे दोन डाग ठळक दिसले. दोन्ही ठिकाणी जवळच रंगीत काच बनवणारे कारखाने होते. काचेला पिवळा, केशरी, लाल रंग यावा म्हणून कॅडमियम वापरतात.

ऑक्टोबर २०१५ मध्ये ओरेगन राज्याच्या पर्यावरण विभागाने त्यातल्या एका कारखान्याजवळ यंत्र लावलं. कॅडमियम निघालं राज्याने ठरवलेल्या पातळीच्या ४९ पट आणि आर्सेनिक १५९ पट! कॅडमियम किडनी बिघडवतं आणि दोन्हींमुळे कॅन्सर होऊ शकतो. कारखान्याच्या शेजारीच पाळणाघर होतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही बातमी फुटल्यावर पालक भडकले नसते तरच नवल. कारखान्यांनी कॅडमियमचा वापर थांबवला आणि २०१८ मध्ये राज्याने विषारी हवेसाठी नवा कार्यक्रमच आणला.

पुढची गोष्ट तर तुमच्यासारख्यांचीच आहे. २०१९ मध्ये सिॲटल शहरात ड्युवामिश नदीकाठच्या औद्योगिक भागात असाच अभ्यास झाला. तिथे झाडांवरून शेवाळ काढायला उतरली ती त्याच वस्त्यांमधली टीनएजर मुलं-मुली. रोज ज्या हवेत श्वास घ्यायचा, तिचा नकाशा करायला त्यांनीच हात लावला.

आता ‘आपणही प्रोजेक्ट करू या’ असं वाटत असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. शेवाळ ‘कुठे’ ते सांगतं, ‘किती’ ते नाही. शेवाळात सापडलेला आकडा म्हणजे आपल्या फुप्फुसात जाणारा आकडा नव्हे. तो सांगायला यंत्रच लागतं. म्हणून नमुने घेताना सगळीकडे एकाच जातीचं मॉस घ्या. ते खोडावरचं, जमिनीपासून उंचावरचं असू द्या, म्हणजे मातीतला धातू त्यात मिसळणार नाही. हातात ग्लोव्हज घाला, जागा आणि तारीख लिहून ठेवा. आणि नकाशावर डाग दिसला म्हणून लगेच कुणाला गुन्हेगार ठरवू नका. तो नकाशा घेऊन ‘इथे यंत्र लावा’ अशी मागणी करा. पोर्टलंडमध्ये यंत्र योग्य जागी लागलं, ते याच वाटेने.