५३ वर्षांची साथ

मुलगा वर्गात पहिला आला की आपण मोहल्ल्यात पेढे वाटतो. त्याने मागे पडलेल्या दोस्ताला शिकवून पास केले म्हणून कुणी पेढे वाटल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. पुढे जाणाऱ्याचे कौतुक होते, सोबत घेऊन चालणाऱ्याचे क्वचितच. म्हणूनच आज आम्ही वाचकांपुढे मेनाहेम प्रेसलर या पियानोवादकाची हकिकत ठेवत आहोत. संगीताविषयी आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत, याची आम्हाला जाणीव आहे. तो वाद आज बाजूला ठेवू आणि या माणसाच्या आयुष्याकडे पाहू.

शिकवणी बंद झाली नाही

प्रेसलर यांचा जन्म १६ डिसेंबर १९२३ रोजी जर्मनीतील माग्डेबुर्ग शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचे पुरुषांच्या कपड्यांचे दुकान होते. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यूंचे जगणे दिवसेंदिवस कठीण होत गेले. कालपर्यंत सलाम-दुआ करणारे शेजारी ओळख दाखवेनासे झाले. अशा काळात किट्झल नावाचे एक ख्रिस्ती गृहस्थ, जे चर्चमध्ये ऑर्गन वाजवत, या मुलाला गुपचूप पियानो शिकवत राहिले. पकडले गेले असते तर काय झाले असते, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही.

नोव्हेंबर १९३८ मध्ये एका रात्री देशभर ज्यूंची दुकाने आणि प्रार्थनास्थळे फोडण्यात आली. प्रेसलरांचे दुकानही त्यात गेले. १९३९ साली आई-वडील आणि मुले इटलीतील ट्रिएस्टे बंदरामार्गे निसटून त्या वेळी ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या पॅलेस्टाईनला पोहोचली. वाटेत ट्रिएस्टेला त्यांना एक टपाल मिळाले. फ्रेंच संगीतकार देब्युसी याच्या 'पाण्यातील प्रतिबिंबे' या रचनेत कोणते बोट कोठे ठेवायचे, ते किट्झल यांनी खुणा करून पाठवले होते. शागीर्द देश सोडून गेला, तरी उस्तादाने धडा अर्धवट ठेवला नाही.

मागे राहिलेले आजी-आजोबा, काका-मामांची कुटुंबे नाझींच्या छळछावण्यांत मारली गेली. नव्या मुलखात या मुलाची अन्नावरची वासनाच उडाली. तो इतका खंगला की एकदा बीथोव्हनचा सोनाटा वाजवता वाजवता त्याची शुद्ध हरपली. त्याने सराव मात्र सोडला नाही. १९४६ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे एक आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धा झाली आणि वयाच्या २२ व्या वर्षी प्रेसलर यांनी ती जिंकली. ती स्पर्धा त्याच देब्युसीच्या नावाची होती.

तिघांत एक

आता एकट्याने नाव कमावण्याचा रस्ता मोकळा होता. मोठमोठ्या वाद्यवृंदांसोबत कार्यक्रमही होऊ लागले. परंतु १९५५ साली प्रेसलर यांनी व्हायोलिनवादक डॅनियल गिले आणि चेलोवादक बर्नार्ड ग्रीनहाऊस यांच्यासोबत 'बो आर्ट्स ट्रिओ' उभा केला. दोघेही त्यांच्याहून वयाने मोठे. १३ जुलै १९५५ रोजी अमेरिकेतील टँगलवूड येथे या तिघांची पहिली मैफल झाली.

अशा संगीताला चेंबर म्युझिक म्हणतात. मोठ्या वाद्यवृंदात हातात काडी घेऊन सर्वांना चालवणारा एक कंडक्टर असतो. इथे तो नसतो. प्रत्येक वाद्यावर एकच माणूस, म्हणून कुणाच्या आड लपता येत नाही. कुठे थांबायचे, कुठे वेग घ्यायचा, हे एकमेकांचा श्वास पाहून ठरवायचे. त्यात पियानोवाल्याचे काम सर्वांत नाजूक. त्याचे वाद्य थोराड. हात जरा जड पडला की व्हायोलिन आणि चेलो त्याखाली दबून जातात. बाकी दोघांसमोर सहसा आपापल्या वाद्याचाच कागद असतो, पियानोवाल्यासमोर मात्र तिघांचेही स्वर लिहिलेले असतात. ज्याला सर्वांचे दिसते आणि ज्याच्याकडे ताकद जास्त, त्यानेच हात आवरायचा असतो. घरातल्या थोरल्या माणसाचे काम याहून काय वेगळे आहे?

पुढे माणसे बदलत गेली. ५३ वर्षांत या ट्रिओत पाच व्हायोलिनवादक आणि तीन चेलोवादक होऊन गेले. पियानोवर मात्र पहिल्या दिवसापासून २००८ सालच्या शेवटच्या मैफलीपर्यंत प्रेसलरच होते. दर नव्या साथीदाराबरोबर जुनी रचना पुन्हा नव्याने बसवावी लागे. "आमच्यात असेच चालते" असे म्हणून नव्या माणसाला गप्प करणे सोपे असते. नव्या सुनेला किंवा दुकानातल्या नव्या पोराला आपण कितीदा तसेच करतो!

त्याच १९५५ सालापासून ते इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले आणि जवळजवळ सात दशके शिकवत राहिले. किट्झल यांच्याकडून मिळालेले देणे त्यांनी अशा रीतीने पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचवले.

परत माघारी

ट्रिओ थांबला तेव्हा प्रेसलर ८४ वर्षांचे होते. त्यानंतर ते पुन्हा एकट्याने वाजवू लागले. ज्या देशातून जीव मुठीत धरून पळावे लागले होते, त्या जर्मनीचे नागरिकत्व त्यांनी २०१२ मध्ये पुन्हा स्वीकारले. २०१४ साली, वयाच्या नव्वदीत, ते बर्लिन फिलहार्मोनिक या नामांकित वाद्यवृंदासोबत प्रथमच वाजवायला बसले. ६ मे २०२३ रोजी लंडनमध्ये, ९९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

प्रेसलर यांचे नाव जगाला ठाऊक आहे, किट्झल यांचे फारसे कुणाला नाही. पण भीतीच्या दिवसांत त्यांनी एका परक्या मुलासाठी दार उघडे ठेवले, म्हणून पुढचे सारे घडले. आपल्या घरात यापुढे मुलाचे बक्षीस आले, तर पेढे जरूर वाटा. त्याबरोबर त्याला एवढे विचारा की, या कामात तुला कुणी मदत केली, आणि तू कुणाला केलीस? पहिला पेढा मदत करणाऱ्याच्या घरी त्याच्याच हातून पाठवा.