एका गाण्याचे दोन धनी

अमेरिकेच्या दक्षिणेला जॉर्जिया राज्यात अटलांटा नावाचे मोठे शहर आहे. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे हे जन्मगाव. याच शहरात २००५ साली एका गाण्यावरून दोन कृष्णवर्णीय कलावंतांत वैर पेटले. त्याची हकीकत आईवडिलांनी मुलांना जवळ बसवून सांगावी अशी आहे.

गाणे रॅप प्रकारातले. रॅप म्हणजे ठेक्यावर यमके जुळवीत बोललेले गाणे. त्यात प्रतिस्पर्ध्याला शब्दांनी चीत करण्याची रीत जुनी आहे. कव्वालीच्या दुरंगी सामन्याला रात्र रात्र जागलेल्या वाचकांना ती समजावून सांगायला नको. पण आपल्याकडे सामना संपला की दोन्ही पार्ट्या एकाच पंगतीला बसतात. तिथे तसे झाले नाही.

गूची मेन आणि यंग जीझी हे ते दोघे. दोघांचेही तरुणपण अमली पदार्थांच्या धंद्यात नासले होते आणि गाण्यातून वर येण्याची दोघांची धडपड चालली होती. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या झेटोव्हेनने संगीत दिलेले 'आयसी' हे गाणे गूचीचे, जीझी त्यात पाहुणा गायक. विषय काय, तर बर्फासारखे लखलखणारे हिऱ्यांचे दागिने! गाणे तुफान गाजले आणि हिशेबाचा प्रश्न उभा राहिला. आपल्याला मोबदला मिळाला नाही, ही जीझीची तक्रार. त्याच्या बड्या कंपनीला गाणे त्याच्या अल्बमसाठी हवे होते. गूचीने ते सोडले नाही.

मग जीझीने गाण्यातूनच गूचीच्या गळ्यातील साखळीवर १०,००० डॉलरचे इनाम लावले. गूचीनेही गाण्यानेच उत्तर दिले. मे २००५ मध्ये एका घरात काही जणांनी गूचीवर हल्ला केला. त्याने गोळी झाडली. हल्लेखोरांपैकी एका तरुण रॅप गायकाचे प्रेत पुढे सापडले. गूचीवर खुनाचा आरोप आला. आपण स्वसंरक्षण केले, असे त्याने सांगितले. पुराव्याअभावी जानेवारी २००६ मध्ये आरोप मागे घेण्यात आला. जीझीवर या प्रकरणी कधी आरोप ठेवला गेला नाही. पण एका आईचा मुलगा गेला, तो गेलाच.

पुढे १५ वर्षे गेली. १९ नोव्हेंबर २०२० रोजी अटलांटातच दोघे 'व्हर्झुझ' या जाहीर सामन्यात समोरासमोर बसले. सुरुवातीला नेत्या स्टेसी अब्राम्स यांनी लोकांना मतदानाचे आवाहन केले. गूचीने जुन्या जखमेवर मीठ चोळले. जीझी चिडला नाही. तरुण गायक एकापाठोपाठ एक मारले जात आहेत, हे थांबले पाहिजे, असे तो बोलला. शेवटी दोघांनी मिळून तेच 'आयसी' गायिले.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. हिशेब नजरेआड करू शकत नाही. गाणे बाजारात जाण्याआधी कोणाचा वाटा किती, हे कागदावर स्वच्छ लिहून दोघांनी सह्या केल्या असत्या तर? जे २०२० साली एका मंचावर झाले, ते २००५ साली एका टेबलावर झाले असते.

आपल्या वस्तीतही मुले ढोलकी घेतात, गाणी लिहितात, मंडळे काढतात. त्यांना आमचे एवढेच सांगणे : आधी कागद करा, मग गाणे करा. आणि भांडायचेच असेल तर शब्दांनी भांडा, हत्याराला हात लावू नका.