ग्लेन ॲफ्रिक : जिथे चालण्याचा हक्क सर्वांचा आहे

आपल्या अनेक घरांतील मुले-मुली आज शिक्षणासाठी, परिचारिकेच्या नोकरीसाठी किंवा संगणकाच्या कामासाठी ब्रिटनमध्ये आहेत. कधीतरी आईवडीलही महिना-दोन महिने त्यांच्याकडे राहून येतात. तिकडे गेले की लंडनचा राजवाडा, मोठे घड्याळ आणि एखादे वस्तुसंग्रहालय एवढे पाहून बहुतेक जण परत फिरतात. त्यांना एक सुचवावेसे वाटते. सवड काढून उत्तरेकडे स्कॉटलंडला जा आणि ग्लेन ॲफ्रिक नावाच्या दरीत एक दिवस पायी हिंडा. येथे चालण्यासाठी तिकीट नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही. ही मोकळीक सहजासहजी मिळालेली नाही. तिच्यामागची हकीकतही दरीइतकीच पाहण्यासारखी आहे.

कसे जावे?

स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागाला हायलँड्स म्हणतात. ‘ग्लेन’ म्हणजे दरी आणि ‘लॉक’ म्हणजे तळे, हे दोन शब्द लक्षात ठेवले तरी नकाशा अर्धा वाचता येतो. हायलँड्सचे मुख्य शहर इन्व्हरनेस. एडिनबरो किंवा ग्लासगोहून तेथे आगगाडीने साधारण साडेतीन तासांत पोहोचता येते. लंडनहून रात्रीची झोपायची गाडीही आहे. इन्व्हरनेसच्या नैर्ऋत्येला सुमारे ४० किलोमीटरवर कॅनिच नावाचे छोटे गाव आहे. तेथपर्यंत बस जाते, पण फेऱ्या थोड्या असल्याने वेळापत्रक आधी पाहून ठेवावे. कॅनिचहून पुढे अरुंद, एकपदरी रस्ता दरीत शिरतो आणि सुमारे १७ किलोमीटरवर संपतो. त्यापुढे फक्त पायवाट. गाडी असेल तर ती उभी करण्याचे पैसे मात्र द्यावे लागतात.

काय पाहावे?

ज्यांना फार चालवत नाही, त्यांच्यासाठी रस्त्यालगतच डॉग फॉल्स हा धबधबा आहे. तेथे झाडीतून आखलेल्या सोप्या वाटा आहेत. रस्ता संपतो तेथूनही अर्ध्या-पाऊण तासाची नदीकाठची छोटी फेरी आहे. दक्षिणेला टोमिच गावाच्या पुढे प्लॉडा नावाचा ४६ मीटर उंचीचा धबधबा असून तो वरून पाहण्यासाठी सज्जा बांधलेला आहे.

ज्यांचे पाय धडधाकट आहेत, त्यांनी लॉक ॲफ्रिकला प्रदक्षिणा घालावी. ही वाट सुमारे १८ किलोमीटरची आहे आणि सहा-सात तास सहज लागतात. एका बाजूला तळ्याचे काळेभोर पाणी, त्यात पडलेले पाइन वृक्षांचे प्रतिबिंब, तर दुसऱ्या बाजूला ११८३ मीटर उंचीच्या कार्न एगेसारखी शिखरे. आपल्या कळसूबाईपेक्षा हे शिखर बुटके आहे; पण हवा इतकी थंड आणि लहरी की जूनमध्येही अंगावर स्वेटर लागतो.

याहून पुढे जाणारेही असतात. रस्ता संपल्यावर दहाबारा किलोमीटर आत ऑल्टबे येथे यूथ हॉस्टेल आहे. तेथे पायी किंवा सायकलनेच पोहोचता येते. निघण्यापूर्वी ते चालू आहे की नाही याची खात्री करावी. तेथून पश्चिमेला खिंडी ओलांडून किनटेल नावाच्या भागात, म्हणजे समुद्राच्या बाजूला, उतरता येते.

रानातले रहिवासी

या दरीतील मुख्य प्राणी म्हणजे तांबडे हरीण. आपल्या सांबराचाच हा भाऊबंद. ब्रिटनमधील जमिनीवरचा हा सर्वांत मोठा रानटी प्राणी आहे. ऑक्टोबरात नर एकमेकांना आव्हान देत डरकाळल्यासारखे ओरडतात आणि तो आवाज साऱ्या दरीत घुमतो. झाडांवर तांबडी खार दिसते. दक्षिणेकडे अमेरिकेहून आणलेल्या करड्या खारीने हिला जवळजवळ हुसकावून लावले आहे. उत्तरेच्या रानांत मात्र ती टिकून आहे. पाइन मार्टेन हा पाणमांजराच्या कुळातला, चॉकलेटी रंगाचा आणि गळ्याशी पिवळसर पट्टा असलेला चपळ प्राणी आहे. तो सहसा संध्याकाळनंतर बाहेर पडतो.

पक्ष्यांमध्ये सोनेरी गरुड आणि मासे पकडणारा ऑस्प्रे हे दोन मानकरी. ऑस्प्रे हिवाळा आफ्रिकेत काढून वसंतात परत येतो. कात्रीसारखी एकावर एक चढलेली चोच असलेला क्रॉसबिल पाइनच्या बोंडातून बिया काढून खातो. त्याची स्कॉटिश जात जगात दुसरीकडे कुठेही आढळत नाही. मुलांना एक गंमत सांगा. आज जाहिरातींत हटकून दिसणारा गोल्डन रिट्रीव्हर हा कुत्रा याच परिसरात, टोमिचजवळच्या गुइसाखन जहागिरीत, १८६८ साली पैदा केला गेला.

माणसे कुठे गेली?

इतकी सुंदर दरी, भरपूर पाणी, मग घरे इतकी थोडी कशी? असा प्रश्न चालता चालता पडतोच. त्याचे उत्तर इतिहासात आहे.

ॲफ्रिकचे पाणी पुढे ज्या स्ट्रॅथग्लास खोऱ्यात उतरते, तेथे पूर्वी गेलिक बोलणारी शेतकरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. जमीन मात्र चिझम कुळाच्या सरदाराच्या नावावर होती. लोकर आणि मांसाला भाव आला, तेव्हा मेंढपाळ व्यापाऱ्यांना जमीन भाडेपट्ट्याने देणे मालकांना अधिक फायद्याचे वाटू लागले. १८०१ पासून पुढची सुमारे तीस वर्षे येथील कुळांना टप्प्याटप्प्याने हुसकावण्यात आले. शेकडो लोक जहाजांत बसून कॅनडातील नोव्हा स्कॉशियाला गेले. साऱ्या हायलँड्समध्ये हेच घडले आणि इतिहासात त्याला ‘क्लिअरन्सेस’, म्हणजे सफाया, असेच नाव पडले. जी माणसे तेथे जन्मली, त्यांना केर काढावा तसे काढले गेले. त्यांची चूक एवढीच, की जमिनीचा कागद त्यांच्याजवळ नव्हता.

पुढे मेंढ्यांचाही भाव उतरला. मग श्रीमंतांच्या शिकारीसाठी हरणांची राने राखली जाऊ लागली. रशियातील रेल्वेच्या कंत्राटांवर गब्बर झालेला विल्यम लुई विनान्स नावाचा अमेरिकन धनिक १८८० च्या दशकात येथे आला. त्याने या भागातील दोन लाख एकरांहून अधिक जमीन शिकारीसाठी भाड्याने घेतली. हरणे बिचकू नयेत म्हणून माणसांनी फिरकू नये, असा त्याचा खाक्या होता.

किनटेल भागात मर्डो मॅक्रे नावाचा एक गरीब माणूस राहत होता. त्याच्या घरी एक पाळीव कोकरू होते. ते कोकरू विनान्सने भाड्याने घेतलेल्या जमिनीवर चार घास चरले. तेवढ्यावरून विनान्सने त्या गरिबाला कोर्टात खेचले! दोन लाख एकरांचा धनी एका बाजूला आणि एक कोकरू दुसऱ्या बाजूला. १८८५ साली स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयाने विनान्सच्या विरुद्ध निकाल दिला. हा खटला तेथे ‘पाळीव कोकराचा खटला’ म्हणून आजही ओळखला जातो.

कायदा कसा आला?

त्याच सुमारास, १८८४ साली, जेम्स ब्राइस या खासदाराने स्कॉटलंडच्या डोंगरांत सर्वांना चालता यावे म्हणून ब्रिटिश पार्लमेंटमध्ये विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. पुन्हा पुन्हा प्रयत्न झाले आणि तेही फसले. पण लोकांनी मागणी सोडली नाही आणि डोंगरात चालणेही सोडले नाही. अखेर स्कॉटलंडला स्वतःची संसद मिळाल्यावर तिने २००३ साली जमीन सुधारणा कायदा केला. फेब्रुवारी २००५ पासून चालण्याचा हक्क अमलात आला.

या कायद्याने जमीन कोणाच्याही मालकीची असो, तिच्यावरून पायी, सायकलने किंवा घोड्यावरून जाण्याचा, तळ्यात पोहण्याचा आणि छोटा तंबू ठोकून रात्र काढण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. पाहुण्यालाही तो तितकाच आहे. घराचे अंगण, पेरलेले शेत यांतून जाता येत नाही आणि मोटारगाडीला हा हक्क नाही. हक्काबरोबर जबाबदारीही आहे. फाटक उघडले तर लावून घ्यावे, कचरा परत न्यावा, रानात आग पेटवू नये, गुरांना व पक्ष्यांना त्रास देऊ नये. हरणांच्या शिकारीच्या दिवसांत वाटेवर सूचना लावलेल्या असतात. त्या वाचून वाट निवडावी.

वाटेवर चालायला आणि पाण्याला हात लावायला कोणाची परवानगी लागावी का, हा प्रश्न आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना समजावून सांगावा लागणार नाही.

तरीही एक गोष्ट विसरता कामा नये. चालण्याचा हक्क मिळाला, पण जमीन परत मिळाली नाही. स्कॉटलंडमधील खासगी जमिनीचा मोठा हिस्सा आजही मोजक्या मालकांकडेच आहे. नोव्हा स्कॉशियाला गेलेल्यांचे वंशज येतात, ते पूर्वजांचे गाव शोधणारे पाहुणे म्हणून.

रान पुन्हा उभे राहते आहे

माणसांप्रमाणे झाडांवरही पाळी आली होती. हिमयुग संपल्यावर येथे पाइनचे अफाट जंगल पसरले होते. तोड, मेंढ्या आणि हरणे यांमुळे त्याचा जेमतेम एक टक्का उरला. लांडगे नामशेष झाल्याने हरणे बेसुमार वाढली आणि उगवलेले प्रत्येक रोप त्यांनी खाऊन टाकले. रानात दोन-तीनशे वर्षांचे आजोबा-पणजोबा उभे होते, पण नातवंडे नव्हती.

१९५१ साली सरकारच्या वन खात्याने येथील बरीच जमीन विकत घेतली. १९६० च्या दशकात कुंपणे घालून हरणांना बाहेर ठेवले, तशी आतली रोपे आपोआप वर आली. १९९१ पासून ‘ट्रीज फॉर लाइफ’ या संस्थेचे स्वयंसेवकही येथे झाडे लावू लागले. विद्यार्थी, कामगार, निवृत्त माणसे आठवडाभर येऊन चिखलात हात घालतात आणि परत जातात. आज जुन्या वृक्षांच्या पायाशी तरुण झाडांची दाटी दिसते. ही झाडे पूर्ण वाढलेली पाहायला लावणाऱ्यांपैकी कोणी नसेल, हे त्यांना ठाऊक आहे.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना

मे महिना आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हे दिवस उत्तम. मेमध्ये दिवस मोठा असतो आणि ऑक्टोबरात बर्चची पाने पिवळीधमक होतात. जून ते ऑगस्टमध्ये मिज नावाची बारीक चिलटे सकाळ-संध्याकाळ जीव नकोसा करतात. जाळीची टोपी जवळ ठेवा. गवतातून गोचीड अंगावर चढतात आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा रोग होऊ शकतो. म्हणून पँटचे पाय मोज्यात खोचा, घरी आल्यावर अंग तपासा आणि गोचीड चिकटलेली आढळली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा.

पावसाळी कोट, घट्ट बूट आणि कागदी नकाशा बरोबर असू द्या. आत फोनला रेंज मिळेलच असे नाही. दरीत दुकान नाही, तेव्हा पोळी-भाजीचा डबा घरूनच न्या. आणि नेचाच्या झुडपांत एखादा जुन्या भिंतीचा दगडी पाया दिसला, तर मुलांना सांगा की येथे कोणाचे तरी घर होते.